विश्लेषण : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ ही स्टार्टअपची गोष्ट कशी?

तंत्रज्ञान उद्योजकाचा चरित्रपट म्हटले की मार्क झकरबर्गवरील ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) आठवतो. पण दादासाहेब फाळके यांच्यावरील परेश मोकाशी दिग्दर्शित ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हीसुद्धा स्टार्टअपचीच गोष्ट आहे. भारताने २००९ मध्ये हा चित्रपट ऑस्करसाठी पाठवला होता. फाळके यांचा उद्योग उभा राहिला वडाळ्याच्या शेजारी, दादरमध्ये. दादर पूर्वेच्या एका रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.

भांडवल कुठून आले?

विमा पॉलिसी गहाण ठेवून फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. वाटाण्याचे रोप वाढताना दाखवणारी छोटी फिल्म त्यांनी तयार केली आणि ती दाखवून पैसा उभा केला. आजच्या भाषेत हा ‘डेमो’. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

चित्रपट कुठे थांबतो?

यशाच्या टप्प्यावर. पुढे १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाली. मतभेद झाले आणि फाळके काही काळ बाहेर पडले. ‘द सोशल नेटवर्क’ मात्र भागीदारांच्या वादावरच उभा आहे. फाळके यांचे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये निधन झाले, तोवर कंपनी बंद पडली होती.

मग पाहावा का?

जरूर. नोकरी सोडून स्वतःचे काही सुरू करण्याच्या विचारात असाल, तर घरच्यांसोबत पाहा. जोखीम त्यांचीही असते.