घाटाचा पायथा, भरतीची हद्द

चिपळूणला पूर का येतो, याची उत्तरं ठरलेली आहेत: वाशिष्ठी नदीत गाळ साचला, कोयना वीजप्रकल्पाचं पाणी आलं, उधाण होतं. तिन्हींत तथ्य आहे. पण शहर मुळात त्या जागी का वसलं, हा प्रश्न त्यांत मागे पडतो. चिपळूण वसण्याचं आणि बुडण्याचं कारण एकच आहे. दाभोळच्या खाडीतून भरतीबरोबर वर येणारी गलबतं गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत पोहोचत, आणि तिथून पुढे माल कुंभार्ली घाट चढून कराडकडे जाई. जलमार्ग संपून घाटवाट सुरू होते, तिथे बाजारपेठ उभी राहणं साहजिक होतं. पण जलमार्गाचा शेवट म्हणजे भरतीची हद्द, आणि घाटवाटेची सुरुवात म्हणजे डोंगरउताराचा शेवट. व्यापाराला सोयीचं ठरलेलं हेच ठिकाण पुराच्या पाण्यालाही तुंबायला सोयीचं ठरतं.

वाशिष्ठी तिवऱ्याकडच्या डोंगरांत उगम पावते. सह्याद्रीचा माथा ते चिपळूण हे अंतर सरळ रेषेत जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. तेवढ्यात नदी काही शे मीटर खाली उतरते. पुढे दाभोळपर्यंतची वाट त्याहून लांब, पण जवळजवळ सपाट. घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेल्या पावसाचा पूर कृष्णेतून सांगलीला पोहोचायला वेळ घेतो. पश्चिमेला पडलेला काही तासांत चिपळुणात येतो. त्याचं प्रमाणही साध्या हिशेबाने कळतं. शंभर चौरस किलोमीटरवर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तीन कोटी घनमीटर पाणी जमतं. त्यातलं थोडं जमिनीत मुरलं, तरी उरलेलं वाहून जायला दर सेकंदाला सरासरी तीनशे घनमीटरच्या आसपास प्रवाह लागतो. खोरं शंभर चौरस किलोमीटरहून कितीतरी मोठं आहे, आणि पाऊस दिवसभर सारखा विभागून पडत नाही.

यावर पहिला आक्षेप कोयनेचा. पोफळीच्या वीजगृहांतून आणि कोळकेवाडी धरणातून येणारं पाणी मूळचं पूर्वेकडच्या खोऱ्यातलं. ते वाशिष्ठीत माणसानेच आणलं, हे खरंच आहे. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिलेलं हे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे वर्षभराच्या सरासरीने सेकंदाला सुमारे ६० घनमीटर. विजेची मागणी वाढलेल्या तासांत प्रवाह याच्या कित्येक पट होतो, म्हणून अतिवृष्टीच्या दिवशी वीजनिर्मिती आवरण्याची मागणी रास्तच आहे. पण वरच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवला, की कोयना पुरात भर घालते, पूर घडवत नाही, हे दिसतं. उधाणाचंही तसंच. २२ जुलै २०२१ चा पूर गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा, म्हणजे उधाण चढत असतानाचा. मात्र २६ जुलै २००५ ला पौर्णिमा उलटून पाच दिवस झाले होते, समुद्र भांगाकडे झुकला होता, आणि तरीही चिपळूण पाण्याखाली गेलं. भरतीने पाणी उतरायला उशीर होतो; उधाण नसलं म्हणून शहर वाचत नाही.

दुसरा आक्षेप असा, की गाळ काढला तर प्रश्न सुटेल. २०२१ नंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढण्याचं काम झालं, आणि ते गरजेचंच होतं. पात्र रुंद-खोल झालं की तेवढंच पाणी कमी उंचीवरून जातं. मर्यादा दोन आहेत. खाडीच्या पट्ट्यात पाण्याची किमान पातळी समुद्र ठरवतो, त्यामुळे तळ कितीही खोल केला तरी भरतीच्या वेळी पातळी तिच्याखाली जात नाही. शिवाय उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरची माती दर पावसाळ्यात नव्याने खाली येते. म्हणजे गाळउपसा हा देखभालीचा भाग झाला. उतारांवरची झाडी टिकवल्याशिवाय तो कधी संपणार नाही.

मग शहर हलवायचं का? तसं कुणी सुचवत असेल तर ते अव्यवहार्य आहे, आणि अनावश्यकही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांमुळे बांधकामांवर जाच होतो, ही मालमत्ताधारकांची तक्रार समजण्यासारखी आहे. परंतु या रेषा पुसल्या तरी पाण्याला लागणारी जागा कमी होत नाही. निळ्या रेषेच्या आत भराव आणि नवी बांधकामं नकोत. तिच्याबाहेर, लाल रेषेपर्यंत, तळमजल्यावर गोदामं, वीजयंत्रणा आणि रुग्णखाटा नकोत. आणि घाटातल्या पावसाची नोंद बाजारपेठेत त्याच तासाला पोहोचायला हवी. पाणी काही तासांतच येणार हे भूगोलाने ठरवलेलं आहे. त्या तासांचा उपयोग करायचा की दोषी शोधत बसायचं, एवढंच आपल्या हातात उरतं. आणि नुकसान किती होणार, हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.