टर्मिनलवर मराठी पर्याय

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मंद्रूपमध्ये कुणी कांद्याच्या हिशोबासाठी छोटा प्रोग्राम लिहिला, असं समजा. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आज्ञा द्यायची: ‘हिशोब --गाव मंद्रूप --पोती ५०’. दोन आडव्या रेघांनी सुरू होतात ते पर्याय, त्यांच्यापुढची ती मूल्यं.

ही आज्ञा सुटी करून तपासण्याचं काम प्रत्येकाने नव्याने लिहायला नको; त्यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोड, मिळतो. सी भाषेसाठीचं ‘गेटऑप्ट’ एटी अँड टी कंपनीने १९८५ साली सर्वांना खुलं केलं. पायथन या भाषेच्या ३.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, ‘आर्गपार्स’ ही लायब्ररी भाषेसोबतच मिळते.

तिला पर्यायांची नावं आणि प्रकार सांगितले की पुरे. ‘पोती’ हा पूर्णांक ठरवला आणि कुणी ‘पन्नास’ असं अक्षरांत लिहिलं, तर ती नेमकी चूक दाखवून प्रोग्राम तिथेच थांबवते. सगळ्या पर्यायांची यादी देणारा ‘हेल्प’ हा पर्यायही आपोआप तयार होतो.

मराठी माणसासाठी मोलाची गोष्ट वेगळीच. पर्यायाचं नाव देवनागरीत चालतं आणि ‘५०’ हे मराठी अंक पायथन थेट संख्या म्हणून वाचतो. त्यामुळे वहीतली नोंद जशीच्या तशी टाइप करता येते. प्रत्येक पर्यायाचं स्पष्टीकरणही प्रोग्रामरने मराठीतच लिहावं. लायब्ररीत त्याची सोय आहे.