शेवंती नोव्हेंबरची की सप्टेंबरची?

राशीचा खडा अंगठीत बसवून घेणाऱ्या आपल्या लोकांना जन्ममहिन्याचं फूल ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. इंग्लंड-अमेरिकेत वाढदिवसाची कार्डं, गळ्यातली पदकं, चहाचे मग आणि अलीकडे मनगटावरचे टॅटूही या फुलांनी सजतात. जानेवारीला कार्नेशन आणि स्नोड्रॉप, मार्चला डॅफोडिल, मेला लिली ऑफ द व्हॅली, जूनला गुलाब, ऑक्टोबरला झेंडू, नोव्हेंबरला शेवंती. यादी थंड मुलखातल्या बागेकडे बघून केलेली आहे, हे लगेच कळतं. पुण्यात मे महिन्यात जन्मलेल्याच्या वाट्याला खरं तर मोगराच यायला हवा!

फुलांना अर्थ चिकटवायची हौस युरोपात वाढली ती तुर्कस्तानमुळे. ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने १७१८च्या सुमारास इस्तंबूलहून लिहिलेल्या पत्रांत फुलं-फळं पाठवून निरोप कळवण्याच्या तिथल्या रीतीचं वर्णन केलं. पुढे १८१९मध्ये पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेचं पुस्तक निघालं आणि व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये तर अशा पुस्तकांचा सुळसुळाट झाला. एका पुस्तकातला अर्थ दुसऱ्याशी जुळेलच, याची मात्र खात्री नसे. गुच्छातून मनातलं सांगू पाहणाऱ्यांची काय फजिती होत असेल!

अर्थापेक्षा उपयोगांची गोष्ट जास्त रंगतदार आहे. बर्फातून वर येणारा, मान खाली घातलेला पांढराशुभ्र स्नोड्रॉप आशेचं प्रतीक मानला जातो. त्याचा कांदा मात्र विषारी. १९५०च्या दशकात सोव्हिएत संघ आणि बल्गेरियातल्या संशोधकांनी याच कुळातून गॅलँटामिन हे द्रव्य मिळवलं. आधी ते स्नायूंच्या दुबळेपणावर वापरलं गेलं आणि २००१मध्ये अमेरिकेत अल्झायमरवरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. हेच द्रव्य मिळवण्यासाठी वेल्समध्ये डॅफोडिलची शेती होते.

मे महिन्याच्या लिलीचं तर आणखीनच वेगळं. १ मेला फ्रान्समध्ये एकमेकांना या इवल्या पांढऱ्या घंटांच्या जुड्या देतात. त्या दिवशी रस्त्याकडेला उभं राहून रानातल्या जुड्या विकायची मुभा सामान्य माणसालाही असते. झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी, हृदयाचे ठोके बिघडवणारं. सुगंध इतका मोहक, पण अत्तरासाठी या फुलातून अर्क काही काढता येत नाही. फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियाँ दिओरचं हे लाडकं फूल. १९५६मध्ये त्याच्या नावाने आलेल्या ‘दिओरिसिमो’तला हा वास अत्तरकाराने इतर द्रव्यांमधून जुळवलेला आहे.

ऑक्टोबरचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला पितरांना घरची वाट सापडावी म्हणून त्याच्या पाकळ्या अंथरतात. आपण दसऱ्याला त्याचं तोरण बांधतो, आणि आपले शेतकरी मुळांवरच्या सूत्रकृमींना आवर घालण्यासाठी टोमॅटोच्या रानात झेंडू लावतात.

शेवंतीइतका मानापमान मात्र कुठल्याच फुलाच्या वाट्याला आला नसेल. जपानच्या राजघराण्याची मुद्रा म्हणजे सोळा पाकळ्यांची शेवंती. जपानी पासपोर्टवरही सोळा पाकळ्यांची शेवंतीच आहे. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात, त्यामुळे पाहुणा म्हणून जाताना शेवंती नेली तर यजमानांचा चेहरा पडलाच म्हणून समजा. आपल्याकडे तीच वेणीत माळली जाते. शिवाय जपानी हिशेबात ती नोव्हेंबरची नाहीच. ‘हानाफुदा’ या ४८ पत्त्यांच्या खेळात दर महिन्याच्या झाडाफुलाचे चार पत्ते असतात आणि शेवंती येते नवव्या महिन्यात. व्हिडिओ गेमवाली निन्टेंडो १८८९मध्ये क्योटोत सुरू झाली ती हेच पत्ते बनवण्यासाठी.

शेवंतीच्या एका पांढऱ्या भाऊबंदाने तर घराघरात शिरकाव केला. त्याचं नाव पायरेथ्रम. याच्या वाळलेल्या फुलांची भुकटी कीटकांना मारते. जपानच्या एइचिरो उएयामा यांनी १८९०मध्ये तिची डास पळवणारी उदबत्ती केली, पण ती चाळीसेक मिनिटांत जळून जाई. १८९५मध्ये पत्नी युकी यांनी तिला वेटोळं करायचं सुचवलं आणि रात्रभराची सोय झाली. १९०२मध्ये ही कॉइल बाजारात आली. आजच्या बहुतेक कॉइलींत फुलाची भुकटी नसते. तिच्यातल्या द्रव्याच्या धर्तीवर कारखान्यात तयार केलेलं रसायन असतं.