फसफसत्या शब्दाचं गणगोत

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीच्या पाटीवर दिसणारा 'ब्रू' आला कुठून? भाषाशास्त्रज्ञ बोट दाखवतात ते *ब्रेउवनँ या आदि-जर्मानिक क्रियापदाकडे. शब्दाच्या कपाळावरचा तारा सांगतो, की हा कुठेही लिहिलेला सापडलेला नाही. नातींच्या चेहऱ्यांवरून आजीचं चित्र काढावं, तसा तो जुळवलाय. जर्मन ब्राउएन, डच ब्राउवेन, स्वीडिश ब्रिग्गा, आइसलँडिक ब्रुग्गा या त्या नाती.

आणखी मागे गेलं, की 'भ्रेउ'सारखा इंडो-युरोपीय धातू लागतो. अर्थ उकळणं, फसफसणं. दारूचं नावही नाही! मूळचा 'भ' जर्मानिकमध्ये 'ब' झाला, लॅटिनमध्ये 'फ'. आपला भ्राता, इंग्रजी ब्रदर, लॅटिन फ्रातेर आठवा, नियम तोच. म्हणून 'उकळणे' या अर्थाचा लॅटिन 'फेर्वेरे' हा ब्रूचा चुलतभाऊ, आणि फर्मेंटेशनही त्याच घरातलं.

सूपचा 'ब्रोथ'सुद्धा इथलाच. आणि खरी गंमत म्हणजे रिसोट्टोत पडणारा इटालियन 'ब्रोदो' मूळचा जर्मानिक! स्वयंपाकात इटलीनं उत्तरेकडून शब्द उसना घ्यावा, हे मला फार आवडतं. 'ब्रेड' या कुळातला की नाही, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही.

इंग्रजांची आणि जर्मनांची वादळंही 'ब्रू'च होतात. उत्तर इंग्लंडमध्ये 'ब्रू' म्हणजे चक्क चहा. आफ्रिकान्स भाषेत 'ब्राउ'चा एक अर्थ काम बिघडवून ठेवणं! म्युनिकचं १५८९ सालचं होफब्रॉयहाउस, म्हणजे तिथली ब्रुअरी, मात्र बिअरशी एकनिष्ठ.

आडनावं तर विचारूच नका. 'ब्रूस्टर'मधला 'स्टर' हा जुन्या इंग्रजीतला स्त्रीवाचक प्रत्यय. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरी एल ही बिअर बनवायच्या त्या बहुतेक बायकाच, आणि त्यांचा हा ठसा आडनावात टिकला. कॅलिडोस्कोपचा जनक डेव्हिड ब्रूस्टर याचं आडनाव तेच. स्टीलच्या नळ्यांची खुर्ची घडवणारा मार्सेल ब्रॉयर आणि डच गणिती ब्राउवर हेही आडनावानं बिअरवालेच. या ब्राउवरचं प्रमेय कॉफीच्या कपावर समजावतात: कॉफी कितीही ढवळा, आदर्श द्रवातला निदान एक बिंदू सुरुवातीच्याच जागी सापडतो. अर्थात डच माणूस 'ब्राउवेन' करतो ती बिअर. कॉफीसाठी त्याचं क्रियापद वेगळं, 'झेटन'.