वडिलांचे वय आणि शुक्राणूतले ठिपके

माणसाच्या शुक्राणूत 23 गुणसूत्रे असतात, प्रत्येकाची एकच प्रत. ती खरोखर एकच आहे का, हे फिश तंत्राने तपासतात: ठरावीक गुणसूत्राला चिकटणारे चमकते डीएनए-तुकडे, म्हणजे प्रोब, घालून त्यांचे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. वीर्याचा नमुना धुऊन त्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरतात आणि मिथेनॉल व अ‍ॅसिटिक आम्लाच्या 3:1 मिश्रणात पक्का करतात. पुढचा टप्पा नाजूक असतो. शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए प्रोटामिन प्रथिनांनी इतका घट्ट आवळलेला असतो की प्रोब आत शिरतच नाही. तो आधी डीटीटी या रसायनाने सैल करावा लागतो. कमी सैल झाला तर ठिपका उमटत नाही, जास्त झाला तर एकाच ठिपक्याचे तुकडे दिसतात. मग उष्णतेने डीएनएचे दोन धागे सुटे करून 21, 18, एक्स, वाय अशा निवडक गुणसूत्रांना चिकटणारे रंगीत प्रोब घालतात आणि काचपट्टी रात्रभर 37 अंशांवर ठेवतात.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोजणी सुरू होते. 21 चे दोन ठिपके दिसले तरी लगेच नोंद होत नाही. दोन्ही सारख्या आकाराचे, सारखेच तेजस्वी आणि एकमेकांपासून किमान एका ठिपक्याएवढे दूर हवेत. दुसऱ्या गुणसूत्राचेही दोन ठिपके असतील, तर त्या शुक्राणूत सगळा संचच दुप्पट झालेला असण्याची शक्यता असते. जादा प्रत सापडते ती एका गुणसूत्रामागे साधारण हजारात एका शुक्राणूत. म्हणून एका पुरुषाचे पाच ते दहा हजार शुक्राणू मोजावे लागतात.

वाढत्या वयाबरोबर जादा गुणसूत्रांचे प्रमाण ठळकपणे वाढलेले बहुतेक अभ्यासांत दिसत नाही. लिंगगुणसूत्रांबाबत काही ठिकाणी थोडी वाढ आढळली आहे. डाऊन सिंड्रोममधले जादा 21 वे गुणसूत्रही सुमारे 90 टक्के वेळा स्त्रीबीजातून येते. स्त्रीबीजे मुलीच्या जन्माआधीच तयार होऊन विभाजनाच्या मध्यावर थांबून राहतात, शुक्राणू मात्र सुमारे 74 दिवसांत नवा बनतो. या नवेपणाची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. त्याच्या मूळपेशी वर्षाला सुमारे 23 वेळा विभागतात आणि दर वेळी डीएनएची नक्कल होते; नकलेत चूक राहिली की उत्परिवर्तन होते. आइसलँडमधल्या 2012 च्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात सुमारे दोन नवी उत्परिवर्तने वाढलेली आढळली. गुणसूत्रे तुटण्याचे प्रमाणही वयानुसार वाढते. यातले काहीच वरच्या ठिपक्यांत दिसत नाही, त्यामुळे ठिपके ठीक आले म्हणून वयाची काळजी नाही, असे जोडप्याला सांगणे चुकीचे आहे.

भारताच्या 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार, मुंबई असो की रायपूर, वीर्यदाता 21 ते 55 वर्षांचा चालतो, स्त्रीबीजदात्री 23 ते 35 ची. जादा गुणसूत्रांपुरता हा फरक योग्य आहे. उत्परिवर्तनांचा विचार केला तर पुरुषासाठी 55 ही मर्यादा फार सैल आहे.