काचेवरचे बोट : पहिल्या आयफोनचा जमाखर्च

माल पारखणे हा व्यापाऱ्याचा कुळाचारच होय. कापडाचा पोत चिमटीत धरून, धान्याचा दाणा तळहातावर घेऊन आणि सोन्याचा कस दगडावर उतरवून आपल्या वाडवडिलांनी मालाची किंमत ठरविली. विक्रेत्याने कितीही गुण गायिले तरी बोटांना कळले तेच खरे, अशी ही जुनी शिस्त. आज प्रत्येक पेढीवर गल्ल्याशेजारी जी एक काचेची चपटी वस्तू पडलेली असते, ती तर सर्वस्वी बोटाच्या स्पर्शावरच चालते. परंतु तिची पारख मात्र आपण क्वचितच करतो. या जातीच्या यंत्रांस जगभर वळण लावणारा जो पहिला नमुना, म्हणजे २००७ सालचा आयफोन, त्याची घडण कशी होती, त्यात काय होते आणि मुख्य म्हणजे काय नव्हते, याचा जमाखर्च सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

काय नव्हते यावर आम्ही भर का देतो, याचा खुलासा आपल्या अकोट्याच्याच मातीत सापडतो. विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावरील हे आपले ठिकाण म्हणजे प्राचीन अंकोट्टक. १९५१ साली येथे जैन धातुमूर्तींचा जो साठा उजेडात आला, त्याने भारतीय कलेच्या इतिहासात अकोट्याचे नाव कायमचे कोरले. डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा यांनी या मूर्तींचा अभ्यास करून १९५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि बडोद्याच्या संग्रहालयात त्या आजही पाहावयास मिळतात. अशा मूर्ती घडविण्याची रीत अशी, की प्रथम मेणाची प्रतिमा करावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, मग तापवून मेण वितळू द्यावयाचे आणि जी पोकळी उरते तीत धातूचा रस ओतावयाचा. मेण गेल्यावाचून मूर्ती नाही. घडविणाऱ्याचे कौशल्य घालण्यात असते तितकेच काढून टाकण्यातही असते, हे आपल्या भूमीला दीड सहस्र वर्षांपूर्वीच ठाऊक होते. याच दृष्टीने आता प्रस्तुत यंत्राकडे पाहू.

पूर्वपीठिका

स्पर्शाने चालणारा पडदा ही २००७ सालची नवलाई नव्हे. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली बोटाच्या स्पर्शास प्रतिसाद देणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली होती. हातात मावणाऱ्या संगणकाच्या इतिहासात तर बडोद्याचाही धागा आहे. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून १९६४ साली अमेरिकेस गेलेले सॅम पित्रोदा यांनी १९७५ साली हातात धरण्याजोग्या विद्युत्‌ रोजनिशीची योजना केली. पुढे १९८४ साली स्थापन झालेल्या 'सी-डॉट' या संस्थेच्या द्वारे त्यांनी आपल्या देशाच्या दूरध्वनीव्यवस्थेस नवे वळण लावले. पेठेपेठेतून दिसू लागलेले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आमच्या पिढीस अजून स्मरतात.

दूरध्वनी आणि स्पर्शपट यांचा पहिला विवाह आयबीएम कंपनीच्या 'सायमन' या यंत्रात झाला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ते विक्रीस आले. त्यावर पत्ते, दिनदर्शिका, फॅक्स आणि विद्युत्‌-टपाल इतक्या सोयी होत्या. परंतु वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक, आणि बोलू लागल्यास विद्युत्‌घट सुमारे तासाभरात संपे. सुमारे ५०,००० नगांवर त्याची विक्री थांबली. सोयी होत्या, पण त्या हातात मावत नव्हत्या. कल्पना आधी येते आणि घडण मागाहून येते, हा व्यवहारातला नित्याचा अनुभव येथेही आला.

जमेची बाजू

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन जगापुढे ठेवला आणि २९ जून रोजी अमेरिकेत त्याची विक्री सुरू झाली. त्या काळी धंदेवाईक मंडळींच्या हातात जे महागडे फोन असत, त्यांचा निम्मा दर्शनी भाग बारीक कळांनी व्यापलेला असे. कळ ही एकदा बसविली की बसली. पत्र लिहावयाचे असो, हिशेब करावयाचा असो वा छायाचित्र पाहावयाचे असो, त्याच कळा तेथेच ठाण मांडून बसत. आयफोनच्या निर्मात्यांनी त्या साऱ्या काढून टाकल्या. दर्शनी बाजूस एकच गोल कळ ठेविली आणि बाकी सर्व जागा साडेतीन इंची काचेस दिली. लिहिताना त्या काचेवर अक्षरांच्या कळा उमटत, आकडेमोड करताना आकड्यांच्या, आणि काम संपताच त्या नाहीशा होत. एकाच ओट्यावर सकाळी भाजी, दुपारी कापड आणि संध्याकाळी फुले मांडावीत, तसाच हा प्रकार. जागा तीच; माल प्रसंगानुसार.

या काचेची करामत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. सायमनच्या पडद्यात दोन पातळ थर होते आणि ते दाबले जाऊन एकमेकांस टेकले म्हणजे यंत्रास ठिकाण कळे. त्यासाठी काडीवजा लेखणीही दिलेली असे. आयफोनमध्ये काचेखाली डोळ्यांस न दिसणाऱ्या वीजवाहक द्रव्याची उभी-आडवी जाळी असून तीत अत्यल्प विद्युत्‌भार खेळत असे. मनुष्याचा देह वीजवाहक असल्याने बोट टेकताच त्या ठिकाणच्या भारात किंचित फरक पडतो आणि तो मोजून यंत्र बोटाची जागा ओळखते. म्हणून दाब देण्याची गरज नाही. हलका स्पर्श पुरे. म्हणूनच नखाने टोचले तर यंत्र दाद देत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या हाताने काम करू गेल्यास ते गोंधळते. एकाच वेळी दोन बोटे ओळखण्याची सोय असल्याने छायाचित्रावर दोन बोटे ठेवून ती फाकविली की चित्र मोठे होई आणि जवळ आणली की लहान. ही क्रिया लहान मुलांनाही शिकवावी लागली नाही.

जैन दर्शनात इंद्रियांची गणना स्पर्शापासून सुरू होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. या जड यंत्राच्या घडणीतही स्पर्शालाच अग्रमान मिळाला. तथापि त्यास साहाय्यक अशा आणखी तीन जाणिवा दिलेल्या होत्या. फोन कानाशी नेताच पडदा मालवावा, म्हणजे गालाचा स्पर्श लागून भलतेच काही घडू नये, यासाठी एक. भोवतालचा उजेड पाहून पडद्याचे तेज कमी-अधिक करावे यासाठी दुसरी. आणि यंत्र आडवे धरले की चित्रही आडवे व्हावे यासाठी तिसरी. यंत्राची जाडी ११.६ मिलिमीटर आणि वजन १३५ ग्रॅम, म्हणजे सायमनच्या जवळजवळ चौथाई.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी. जानेवारीत दाखविलेल्या यंत्राचा दर्शनी पडदा प्लॅस्टिकचा होता. खिशातील किल्ल्यांनी त्यावर चरे पडतील हे ध्यानी येताच, विक्रीस अवघे काही दिवस उरले असता, १८ जून रोजी कंपनीने प्लॅस्टिकऐवजी काच वापरल्याचे जाहीर केले. गिऱ्हाईक तक्रार करण्यापूर्वीच माल सुधारणे यासारखी साख दुसरी नाही.

नावेची बाजू

आता नावेच्या बाजूकडे वळू. ही बाजू जमेइतकीच लांब आहे. पहिल्या आयफोनमध्ये तिसऱ्या पिढीचे वेगवान जाळे वापरण्याची सोय नव्हती आणि उपग्रहावरून ठिकाण शोधण्याची योजना नव्हती. त्याचा कॅमेरा चलच्चित्र घेत नसे आणि त्यास दिवाही नव्हता. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे ठेवता येत नसे. स्मृतिपत्र बसविण्याची खाच नव्हती आणि विद्युत्‌घट काढता येत नसे. बाहेरच्या कारागिरांनी तयार केलेली उपयुक्त साधने त्यात घालण्याची मुभा प्रारंभी नव्हती. याच सुमारास आपल्या देशात नोकियाचा ११०० हा साधा फोन लक्षावधी हातांत होता. त्याला बॅटरी होती, धूळ शिरू नये अशी कळफळी होती, आणि वीज गेली असता गोदामात माल शोधावयास तो कामी येई. गुणांची यादी हीच कसोटी मानली, तर काही बाबतींत तो गरिबांचा फोन या श्रीमंती यंत्रावर मात करीत होता.

आम्हांस विशेष जाणवणारी उणीव भाषेची. त्या पहिल्या यंत्रात देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती, गुजरातीही नव्हती. संवत्सरीच्या दिवशी त्यावरून कोणी 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवू म्हणेल तर त्यास रोमन अक्षरांचाच आश्रय घ्यावा लागला असता. आणखी एक गमतीची गोष्ट अशी, की आरंभीच्या काही महिन्यांत त्यावरून एकाच वेळी अनेकांस संदेश धाडता येत नसे. ही सोय जानेवारी २००८ मध्ये आली. म्हणजे क्षमा मागावयाची तर प्रत्येकाची स्वतंत्रपणे, एकेक नाव घेऊनच मागावी लागली असती. आज एका बोटासरशी पाचशे जणांची क्षमायाचना उरकणाऱ्या आम्हां सर्वांस ती उणीवच अधिक धर्मानुकूल होती की काय, असे वाटल्यावाचून राहत नाही.

किमतीचीही नोंद येथेच व्हावी. आठ गिगाबाइट साठवणीच्या नगाची किंमत ५९९ डॉलर होती. शिवाय एकाच दूरसंचार कंपनीशी दोन वर्षांचा करार. दहा आठवडेही झाले नाहीत तोच, ५ सप्टेंबर रोजी ती २०० डॉलरांनी उतरविण्यात आली. आधी खरेदी केलेले ग्राहक रुष्ट झाले, तेव्हा त्यांना १०० डॉलरांचा माल घेण्याची सवलत देऊन कंपनीने त्यांची समजूत घातली. एवढे होऊनही विक्री सुरू झाल्यापासून ७४ दिवसांत दहा लाख नग खपले. आपल्या देशात हा पहिला नमुना कंपनीने विक्रीस आणलाच नाही. त्याच्या पुढचा, आयफोन ३जी, २२ ऑगस्ट २००८ रोजी येथे आला, आणि त्याच्या ८ गिगाबाइट नगाची किंमत ३१,००० रुपये होती.

शिल्लक काय?

दोन्ही बाजूंची बेरीज करू जाता एक प्रश्न उभा राहतो. इतक्या गोष्टी नसलेल्या वस्तूने इतक्या गोष्टी असलेल्यांस मागे कसे टाकले? आमच्या मते 'नसणे' याचे तीन प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखले म्हणजे उत्तर मिळते.

पहिला प्रकार संयमाचा. कळा काढून टाकल्या, लेखणी काढून टाकली, जे काम करावयाचे त्याखेरीज सर्व दृष्टीआड केले. मेण वितळले आणि मूर्ती उरली. आयफोनचे यश यात आहे. दुसरा प्रकार निव्वळ उणिवेचा. वेगवान जाळे आणि उपग्रहाची दिशा २००८ मध्ये आली, मजकूर उचलण्याची आणि चलच्चित्राची सोय २००९ मध्ये, कॅमेऱ्याचा दिवा २०१० मध्ये आला आणि यथावकाश देवनागरीही आली. अशी उणीव काळाने भरून निघते; ती कोणी मनात धरू नये.

तिसरा प्रकार मात्र कुलुपाचा, आणि तो सर्वांत विचार करण्याजोगा आहे. विद्युत्‌घट बदलावयाचा तर यंत्र कंपनीकडे धाडावे लागे. नाक्यावरच्या कारागिराचा हात त्याला लागू नये अशीच त्याची बांधणी होती. १० जुलै २००८ रोजी बाहेरच्या कारागिरांसाठी कंपनीने जी बाजारपेठ उघडली, तीत आरंभी सुमारे ५०० साधने होती आणि ती सर्वांस हितावह ठरली यात शंका नाही. परंतु पेठेचा दरवाजा एकच, किल्ली एकाच्याच हाती, आणि विक्रीवर अडत शंभरामागे तीस. आपल्यातील कोणत्याही अडत्याने हा दर नुसता ऐकला तरी तो हातातील तराजू खाली ठेवील!

बाहेरून पाहता संयम आणि कुलूप ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत काहीतरी वर्ज्य केलेले असते. परंतु आपल्या शास्त्राने त्यांत स्पष्ट भेद केला आहे. जे स्वतः सोडावयाचे तो त्याग. आणि दुसऱ्यास होणाऱ्या लाभाच्या आड यावयाचे तो अंतराय. एकाने कर्म झडते, दुसऱ्याने बांधले जाते. त्या लहानशा यंत्रात हे दोन्ही शेजारी शेजारी नांदत होते, आणि त्याच्या वंशातील आजच्या फोनांतही ते तसेच नांदत आहेत.

हा भेद आता आपल्या गल्ल्यापर्यंत येऊन ठेपला आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही देयकपद्धती सुरू झाली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या, आणि पाहता पाहता आपली उलाढाल, आपली उधारी, आपले भाव आणि आपली गिऱ्हाईके काचेच्या आड गेली. ही सोय मोठी आहे. ती नाकारणे शहाणपणाचे नव्हे. मात्र हिशेबाचे कोणतेही साधन पत्करताना गुणांची यादी बाजूस ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात, अशी आमची विनंती आहे. यात माझी नोंद मला माझ्या भाषेत वाचता येते काय? उद्या हे साधन सोडले तर ती नोंद मला बरोबर नेता येते काय? आणि बिघडले तर ते माझ्या गावात दुरुस्त होते काय? लाल कापडात बांधलेली आपली जुनी वही या तिन्ही प्रश्नांस होकार देत होती.

दिवाळीत नव्या चोपड्याच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागणारा आपला समाज नव्या साधनांस कधी भ्याला नाही. त्याने ती पारखून घेतली इतकेच. काचेवर बोट ठेवण्यापूर्वी तीच पारख शाबूत राहो, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.