इर्जिकीचे जेवण कोणी घालायचे?

रविवारची सकाळ आहे. चहाचा कप हातात आहे आणि मावसबहिणीने फोनवर पाठवलेले लग्नाचे आमंत्रण तुम्ही वाचत आहात. त्यात 'अक्षता' आहेत, 'कृपाशीर्वाद' आहेत, 'चिरंजीव' आणि 'सौभाग्यकांक्षिणी' आहेत. जोडाक्षरे नीट जोडलेली, पहिली वेलांटी जागच्या जागी, रफार डोक्यावर. यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण वीस वर्षांपूर्वीचा संगणक आठवून पाहा. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली असायची, पाय मोडलेली अक्षरे ओळीत लंगडत उभी असायची, नाहीतर नुसतेच चौकोन दिसायचे.

आज ही अक्षरे जी सरळ मांडते ती आज्ञावली तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे, क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्येही आहे. तिचे नाव हार्फबझ. नाव फारसीतून घेतलेले. 'हर्फ' म्हणजे अक्षर. 'त्याने हरफही काढला नाही' म्हणताना आपण वापरतो तोच हा शब्द. 'बाज' म्हणजे खुले. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फाबोद आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी यांनी ती घडवली आणि नावाप्रमाणेच खुली ठेवली. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, चुकत असेल तर दुरुस्त करावी. तुम्हाला तिचे बिल कधी आले नाही आणि येणारही नाही.

या पद्धतीला 'ओपन सोर्स' म्हणतात. हा शब्द १९९८ सालचा, पण रीत त्याहून जुनी. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलींची चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेने टिम बर्नर्स-ली यांचे वर्ल्ड वाइड वेब सर्वांना मोफत खुले केले. त्या दिवशी सर्नने त्यावर दर आकारायचे ठरवले असते, तर आजचे महाजाल कसे दिसले असते, याची कल्पनाच करावी.

आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला मात्र ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. तो म्हणेल, ही तर इर्जिक! एखाद्याचे रान नांगरायचे राहिले, की गावातले दहा-बारा जण आपापली औते-बैल घेऊन त्याच्या शेतात उतरत आणि दिवसभरात काम उरकून टाकत. मजुरी कोणी मागत नसे. फक्त एक नियम होता: ज्याचे रान नांगरले, त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

आता एक तरुण मुलगी डोळ्यांसमोर आणा. पुण्यात किंवा नाशकात एका कंपनीत ती वेब डेव्हलपर आहे. म्हणजे संकेतस्थळे बांधते. पण वीट अन् वीट ती स्वतः भाजत नाही. तारीख निवडायचा तक्ता, फोटो लहान करायची सोय, रकाने आखायची रीत, असे शेकडो तयार तुकडे ती इतरांनी खुल्या ठेवलेल्या साठ्यातून घेते. एक दिवस त्यातला एक तुकडा देवनागरी नावांचा क्रम चुकवतो, असे तिच्या लक्षात येते. ती रात्री बसून चूक शोधते, चार ओळी बदलते आणि दुरुस्ती मूळ कर्त्याकडे पाठवते. तो कुठल्याशा देशात, आपली नोकरी संपवून, ती तपासतो, दोन शंका काढतो आणि शेवटी स्वीकारतो. तिच्या चार ओळी मग जगभरच्या संकेतस्थळांत जातात. इथूनच तिला गोडी लागते. कॉलेजात न मिळालेले शिक्षण मिळते, न पाहिलेल्या माणसांशी मैत्र जुळते.

आणि इथेच, रात्री साडेअकराला खोलीतला दिवा पाहून आई विचारते, ''याचे पैसे किती मिळतात गं?''

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो फार मोलाचा प्रश्न आहे. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी तो वेळेवर विचारला असता, तर बरेच अनर्थ टळले असते.

स्वीडनमधल्या डॅनियल स्टेनबर्ग यांचेच पाहा. १९९६ मध्ये त्यांना गप्पांच्या एका इंटरनेट मंडळासाठी चलनांचे ताजे दर आपोआप आणायचे होते. ब्राझीलच्या एका गृहस्थाची छोटीशी आज्ञावली त्यांना सापडली. तीच त्यांनी वाढवत नेली आणि १९९८ मध्ये तिला 'कर्ल' हे नाव दिले. काम एकच: इंटरनेटवरून माहिती इकडून तिकडे नेणे. आज ती फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे, मोटारीत आहे; स्टेनबर्ग यांच्या अंदाजाने वीस अब्जांहून अधिक ठिकाणी आहे. वीसेक वर्षे हे काम त्यांनी मुख्यतः नोकरी सांभाळून, फावल्या वेळात केले. २०१७ मध्ये स्वीडनच्या राजाच्या हस्ते त्यांना पोल्हेम पुरस्काराचे सुवर्णपदक मिळाले. पूर्णवेळ कर्लचेच काम करून पगार मिळू लागला तो २०१९ पासून.

मोटारीतल्या पडद्यावर परवान्याच्या मजकुरात त्यांचे नाव असते. त्यामुळे गाडीचा नकाशा चालेनासा झाला, की लोक थेट त्यांनाच पत्र लिहितात! हे हसण्यावारी नेता येते. पण २०२२ च्या जानेवारीत एका बड्या अमेरिकी कंपनीने त्यांना प्रश्नांची यादीच धाडली. दुसऱ्याच एका खुल्या आज्ञावलीत सापडलेल्या दोषाबद्दल चोवीस तासांत खुलासा करा, असा हुकूम. ज्या माणसाला या कंपनीने कधी छदाम दिला नव्हता, त्याच्याकडे! स्टेनबर्ग यांनी शांतपणे कळवले, की आधी सेवेचा करार करा, मग उत्तरे देईन. जेवायला वाढले नाही ते नाहीच, वर औतकऱ्यालाच नांगरट वाकडी का म्हणून दटावायचे, अशातला हा प्रकार.

औतकरी रुसला तर काय होते, तेही जगाने पाहिले. २०१६ च्या मार्चमध्ये अझर कोचुलू या प्रोग्रॅमरचा एका नावावरून वाद झाला. तुकड्यांचा साठा चालवणाऱ्या कंपनीने ते नाव त्याच्याकडून काढून दुसऱ्या कंपनीला दिले. तेव्हा त्याने आपले सगळे तुकडे साठ्यातून काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक तुकडा होता. शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण हजारो प्रकल्प त्यावर टेकून उभे होते आणि जगभरच्या डेव्हलपरांची कामे अडली. काही तासांत तो परत आणावा लागला.

रुसणारा निदान बोलून तरी मोकळा होतो. थकणाऱ्याचे तसे नसते. फिनलंडचे लासे कोलिन 'एक्सझेड' ही मजकुराची घडी घालून तो लहान करणारी आज्ञावली वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. अनेक लिनक्स संगणक तिच्यावर विसंबून. २०२२ मध्ये काही अनोळखी नावे त्यांच्यामागे लागली: काम इतके सावकाश का, दुसऱ्याला का देत नाही? मानसिक आरोग्याच्या जुन्या अडचणींमुळे आपल्याला फारसे जमत नाही आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्यांनी उत्तर दिले. तेव्हा 'जिया टॅन' हे नाव धारण केलेला कोणी तरी मदतीला होताच. दोनएक वर्षे त्याने मन लावून काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या हाती घेतल्या आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्या आज्ञावलीत चोरदरवाजा बसवला. तो कोण होता, हे आजवर उघड झालेले नाही.

त्याला पकडले तेही एका ओपन सोर्सवाल्यानेच. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसच्या चाचण्या घेत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले. दुसरा कोणी असता तर सोडून देता. हे गृहस्थ मागे लागले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी चोरी जगासमोर मांडली. चोरदरवाजा सर्वदूर पोचण्याआधीच सापडला. दार उघडे असले, की चोर आत येतो हे खरे. पण त्याच उघड्या दारातून शेजाऱ्याचीही नजर आत जाते, हेही तितकेच खरे.

काही ठिकाणी जाग येते आहे. २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या बँक-व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या आज्ञावलीत मोठे भगदाड सापडले, तेव्हा कळले, की तिला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळे. मग बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा सार्वजनिक आज्ञावलींसाठी खास निधी सुरू केला. धरणे, रस्ते, पूल यांच्या देखभालीला पैसा लागतो, तसा यालाही लागतो, हे एका सरकारला पटले. पण गरजेच्या मानाने हे फारच थोडे आहे.

इर्जिक मोडली ती औते संपली म्हणून नव्हे. बोलावणारा आणि येणारा यांच्यातले नाते संपले म्हणून. ज्यांची राने सर्वांत मोठी, त्यांनीच जेवण घालायचे टाळले, तर कुठली इर्जिक टिकेल?

आणि आपण? तुमच्या घरी असा एखादा दिवा रात्री जळत असेल, तर 'फुकटचे धंदे' म्हणून तो मालवू नका. पैशांचा प्रश्न जरूर विचारा. फक्त त्या मुलीला नव्हे, तिच्या श्रमावर ज्यांची दुकाने चालतात त्यांना विचारा. तिला मात्र एकदा विचारा, ''जेवलीस का?'' इर्जिकीची सुरुवात तिथूनच होते.